छत्तिसावा फोटो

हरिताच्या डाव्या गालावर कोड होतं. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पांढरा डाग. सातवीत तो दिसू लागला आणि त्यानंतर तिच्या एकाही फोटोत तो आला नाही. स्टुडिओत नेण्याआधी तिची आई, राजलक्ष्मी मामी, जाड पावडर लावायच्या. त्यातून जे उरायचं ते स्टुडिओवाला सुब्रमण्यम बारीक कुंचल्यानं प्रिंटवर बुजवायचा. कॉलेजच्या ओळखपत्रावर, बहिणीच्या लग्नात, स्थळांना पाठवायच्या फोटोत, सगळीकडे हरिताचा गाल सारखा गव्हाळ.

"ही माझी जुळी बहीण," ती ते फोटो दाखवून म्हणायची. "हिचं लग्न लागलं की मी सुटले."

आम्ही तंजावूरच्या मराठी घरांतल्या, एकाच गल्लीतल्या. मी साहित्यात बी.ए. होऊन घरी बसले होते. ती एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये टायपिंग करायची. तिचं टेबल मागच्या खोलीत होतं.

साल दोन हजार एक. घरोघरी केबल आली होती. संध्याकाळी एक जपानी कार्टून मालिका तमिळमधून लागायची. तिच्यात नदी राखणारी एक लढवय्यी मुलगी होती. तिचा अर्धा चेहरा पांढरा होता. तो तसा का, हे मालिकेत कुणी कधी विचारत नसे. हरिताला तेवढंच आवडलं होतं.

मग तिच्या मावसभावानं, कार्तिकनं, सिंगापूरहून एक मासिक पाठवलं. त्यात कार्टूनमधल्या पात्रांचे कपडे घालून उभ्या राहिलेल्या माणसांचे फोटो होते. याला कॉस्प्ले म्हणतात, असं त्यानं कळवलं होतं. हरितानं ते मासिक दोन दिवस उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला सांगितलं की आपणही असे फोटो काढायचे. बाहेर, उघड्यावर. दिवे नकोत, पावडर नको. नुसता उजेड.

जुन्या निळ्या पडद्याचा तिनं झगा शिवला. खांद्यावरचं चिलखत नेट्टीतून कोरायला घेतलं. नेट्टी म्हणजे तळ्यातल्या झाडाचा पांढरा गर. आमच्याकडे त्याची देवळं कोरून विकतात. हातात घेतली तर वजन लागत नाही. तिचे खांदे त्या पानापानांच्या चिलखताखाली रुंद दिसायचे.

माझ्या काकांचा, वेंकटरावांचा, कॅमेरा मी मागून आणला. छत्तीस फोटोंचा एक रोल उजेड तपासायला, दुसरा खऱ्या फोटोंसाठी, असं तिनं ठरवलं. तपासायच्या रोलमध्ये उभी मी राहायचे. ती कॅमेऱ्यामागे. पण माझ्या गालावर डाग नव्हता. म्हणून ती विभूतीची राख कालवून माझ्या डाव्या गालावर फासायची, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत. अगदी मापात.

"हलू नको ग," ती म्हणायची. "फुकट मिळालाय तर नीट मिरव."

पापनाशमला भाताच्या बांधावर विभूती हिरवट दिसली. थोरल्या देवळाच्या हिरवळीवर माणसं गोळा झाली. शेवटी ओरत्तनाडुचं छत्र, म्हणजे राजांच्या वेळची धर्मशाळा, तिला पसंत पडलं. पश्चिमेच्या भिंतीची सावली, दुपारी चार वीस ते चार पन्नास. थेट उन्हात पांढरं जळून जातं आणि डागाची कड उरत नाही, सावलीत कड दिसते, हे तिनं शोधून काढलं होतं. तिला ती कडच हवी होती. एका वहीत ती सगळं लिहायची. भाषा मराठी, अक्षरं तमिळ. क्रमांक, वेळ, जागा, आभाळ, प्रकाश. तपासायच्या रोलचा शेवटचा फोटो तिचा स्वतःचा असणार होता; त्या ओळीत आधीच लिहून ठेवलं होतं : ३६, मी.

एका रविवारी छत्राशी त्या रोलचे पस्तीस फोटो पुरे झाले. साडेचार वाजले होते. भिंतीच्या सावलीत हवा तसा उजेड होता. मी म्हटलं, चल, छत्तिसावा आत्ता काढू. तिनं मान हलवली.

"डाव्या खांद्याचं एक पान राहिलंय. अर्धी नाही उभी राहणार मी."

मी आग्रह केला नाही. पुढच्या रविवारचं ठरवून आम्ही बसनं परत आलो.

शुक्रवारी तिला ताप आला. रविवारी ती माणसं ओळखेनाशी झाली. मंगळवारी पहाटे गेली. डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले.

आमच्या भागात अंत्ययात्रा निघण्यापूर्वी दारात एक फोटो काढतात. गेलेलं माणूस मध्ये, घरचे भोवती. सुब्रमण्यम पापनाशमला एका लग्नात होता. तिचे वडील हनुमंतराव माझ्याकडे आले. त्यांनी हळूच विचारलं, तुझ्याकडे कॅमेरा आहे न. मी घरी जाऊन तो आणला. आकडा पस्तीसवर होता.

मामी पावडरीचा डबा घेऊन बाहेर आल्या. तिच्या उशाशी बसल्या. झाकण उघडलं.

"मामी, पावडर नको," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "फोटो राहतो ग, वर्षा. चार लोक बघतात."

"तिला तसाच हवा होता. आम्ही त्यासाठीच हिंडत होतो."

आम्ही देवळात जातो असं त्यांना सांगून जायचो. हे त्यांना तेव्हा कळलं. हनुमंतरावांनी त्यांच्या हातातून डबा घेतला आणि झाकण लावलं. मग मामींनी पदरानं तिचा गाल पुसला. त्यावर काहीच नव्हतं.

दोन घरांच्या फटीतून ऊन तिच्या तोंडावर येत होतं. कड दिसत नव्हती. मी म्हटलं, दोन हात आत, सावलीत घ्या. माणसांनी उचलून घेतलं. का, ते कुणी विचारलं नाही.

मी एकदाच दाबलं. संपलेला रोल आपोआप मागे फिरू लागला.

दहाव्या दिवशी सुब्रमण्यमनं धुतलेल्या फोटोंचं पाकीट दिलं. त्यातला एक त्यानं वेगळा ठेवला होता. कुंचला हातात होता. बुजवू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. त्यानं कुंचला पाण्यात टाकला.

पस्तीस फोटोंत मी आहे, गालाला विभूती लावून हसणारी. छत्तिसाव्यात ती आहे. तिची कड नीट आली आहे.

हरिताच्या घरी भिंतीवर हार घातलेला फोटो स्टुडिओतला आहे. छत्तिसावा मामींच्या कपाटात, साड्यांखाली. त्या कधी तरी मला बोलावतात आणि दार लावून तो काढतात. झग्याबरोबर त्यांनी नेट्टीचे खांदेही ठेवले आहेत. डावीकडचं पान तसंच राहिलं.

वही माझ्याकडे आहे. शेवटची ओळ मी भरली. वेळ : दुपारी चार पंचवीस. जागा : घराचं दार. आभाळ : निरभ्र. प्रकाश कसा होता ते मला लिहवत नाही. तो रकाना रिकामा आहे.