कोटाचा मुंढा

कारखान्यात तिला सगळे पैलवान म्हणत. अंगानं ती बेताचीच होती, भांडणाच्या तर वाऱ्यालाही उभी राहायची नाही. पण चालताना दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरायची, आखाड्यातून नुकताच बाहेर पडलेला गडी धरतो तसे. शिवणयंत्रावरच्या कुणा विनोदवीरानं ते नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की मालकसुद्धा "पैलवानांना विचारा" म्हणायला लागले. तीही हसून साजरं करायची. काखेत लिंबाएवढी गाठ ठसठसत असताना हसायला काय लागतं, हे हसवणाऱ्यांना विचारून उपयोग नव्हता.

कारखाना गणवेशांचा होता आणि ती तिथं कापड कापायची. टेबलावर थर अंथरायचे, खडूनं आखायचं, मोठी कातरी चालवायची. पहारेकऱ्यांचे शर्ट, वेटरांचे कोट. बाही जिथं अंगाला जोडतात ती गोलाई, म्हणजे मुंढा, ती इतकी बेतशीर कापायची की कोट अंगावर चपखल बसायचा. स्वतःचे कपडे मात्र ती घरी, जेवणाच्या टेबलावर कापायची. त्यांचा मुंढा चांगला चार बोटं खाली उतरवलेला आणि काखेत आतून जुन्या मऊ सुती कापडाचा दुहेरी तुकडा. त्या कपड्यांत ती पोत्यात घातल्यासारखी दिसायची. पण हात हलवता यायचा.

पहिली गाठ आली तेव्हा ती शाळा संपवून घरी बसली होती. काखमांजरी आहे, फुटेल नि जाईल, असं सगळे म्हणाले. ती फुटली, सुकली आणि शेजारी दुसरी आली. मग जांघेत. डॉक्टर चीर द्यायचे, पू काढायचे, पट्टी बांधायचे आणि वर सांगायचे, "स्वच्छता ठेवा." दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्या बाईला. लग्नानंतर सासूबाईंनी तिचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. जाऊबाईंकडे फुकटच्या सल्ल्यांना तोटा नव्हता, वजन कमी कर, हे खाऊ नको, ते लाव. नवरा तसा वाईट नव्हता. तो फक्त पलंगाच्या कडेला सरकून झोपायला लागला आणि पुढं तिथंच राहिला.

आजाराला नाव आहे हे कळायला तिचे निम्मे केस पिकावे लागले. त्वचेच्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट बघितलं आणि सांगितलं, "हा घाणीनं होत नाही. कुणाला लागत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. मुळापासून जाईल असं म्हणत नाही, पण आटोक्यात ठेवू." गोळ्या दिल्या, मलम दिलं, शेक कसा द्यायचा ते दाखवलं. बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. बरं वाटलं म्हणून नव्हे, संतापानं. साबणानं घासून घासून अर्धं आयुष्य कातडी सोलली होती, आणि कुणाच्या बापाला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. काही घरांत हा आजार मुलांतही उतरतो, तेव्हा तुमच्या लहान मुलीवर लक्ष ठेवा, सुरुवातीलाच आणलंत तर पुष्कळ काही करता येतं. ही गोष्ट तिनं घरी कुणाला सांगितली नाही. सांगितलं असतं तर सासूबाईंनी पोरीचाही टॉवेल वेगळा केला असता. तिनं आपल्या परीनं लक्ष ठेवलं. म्हणजे काय, तर घाणीनं होत नाही हे धडधडीत ऐकून आलेली ही बाई पोरीच्या मागं साबण घेऊन लागली. एकदा पोरीच्या काखेत साधी पुळी आली, तर तिनं घर डोक्यावर घेतलं आणि पोरीला न्हाणीत उभं करून अंग लालबुंद होईपर्यंत घासलं. पुळी गेली. पोरगी त्यानंतर आईसमोर कपडे बदलेनाशी झाली. मोठी झाली, लाजते, असं आईनं धरलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या मुलीला आता एका हॉटेलात नोकरी लागली होती. दर्शनी काउंटरवर उभं राहायचं, आल्यागेल्याशी गोड बोलायचं, आणि अंगाबरोबर बसणारा काळा कोट स्वतः शिवून आणायचा. आईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं स्वतः अंगासरसा कपडा कधी घातला नव्हता. पोरीचा कोट असा शिवीन की बघणाऱ्यानं बघत राहावं, असं ती कारखान्यात चार जणांना सांगून आली. माप घ्यायला बोलावलं तर पोरगी म्हणाली, "माझा हा शर्ट घे ना मापाला. मला घाई आहे."

"आळशी आहेस नुसती," आई म्हणाली आणि शर्टावरून मापं काढली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं जेवणाचं टेबल पुसलं, काळं कापड पसरलं, आखलं आणि कापलं. बाह्या टाचल्या, कोट हँगरला लावला आणि मागं सरून बघितलं. मुंढा चार बोटं खाली होता. या टेबलावर तिनं आजवर स्वतःशिवाय कुणाचं कापलंच नव्हतं. हात आपल्या नेहमीच्या वाटेनं गेला होता. कापड वाया. वर मापाच्या शर्टालाही दोन शिव्या हासडून झाल्या, तो ढगळ होता म्हणून.

पोरगी आली तेव्हा ती तोंड पाडून बसली होती. "घोटाळा केला गं मी. दुसरं कापड आणते. बघून तर घे, किती गबाळा दिसतोय."

पोरीनं कोट चढवला. हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

"राहू दे असाच," ती म्हणाली. "हा काचत नाही."

"काचत नाही म्हणजे? तुला कशाला काचेल?"

पोरगी आरशातून तिच्याकडं बघत राहिली. पट्टीचा कापूस हल्ली फार लवकर संपतो, असं आई गेले कित्येक महिने कुरकुरत होती. आपलंच दुखणं वाढलंय, असं समजत होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"शाळा संपली तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस? माझ्या घरात, मला?"

"काय सांगायचं, आई? तू आधी साबण घेऊन आली असतीस."

साबणाचा काही संबंध नसतो, असं आईनं कसंबसं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तू लहान होतीस तेव्हाच. लवकर आणा, असंही म्हणाल्या होत्या.

"तुला माहीत होतं?" पोरगी म्हणाली.

आईनं मान डोलावली. पोरीनं कोट काढला, घडी न करता टेबलावर टाकला आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

मग आईनं आपला एक जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला झगा काढला आणि त्यातून कोटाच्या दोन्ही काखांसाठी दुहेरी तुकडे कापले. माप बघायची गरज पडली नाही.