पाली विभागाची किल्ली

आज विद्यापीठाच्या जिन्यात शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला आणि सत्रारंभाची एक जुनी सभा आठवली. खुर्च्यांना पांढरे अभ्रे घातले होते, एसी नको इतका गार होता आणि बाहेर तळल्या जाणाऱ्या बटाटेवड्यांचा वास आत येत होता. नवं वसतिगृह, नवी वेबसाइट असं सांगता सांगता कुलगुरूंनी त्याच सुरात पाली विभाग यंदापासून बंद झाल्याचं सांगितलं. त्या विभागाच्या एकमेव प्राध्यापिका माझ्या शेजारी बसल्या होत्या. एकलहऱ्याहून बसने यायच्या. त्या उभ्या राहिल्या. “सर, खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची?” “ते नंतर बघू, मॅडम.” “नंतर कुणी बघत नाही सर, म्हणून आत्ताच विचारते.” कुणीतरी खोकलं आणि पडद्यावर पुढची स्लाइड आली. चहाच्या वेळी त्यांनी शांतपणे वडा खाल्ला, “पावसाळ्यात कुलूप गंजतं, तेल घालत राहावं लागेल,” एवढंच म्हणाल्या आणि बसथांब्याकडे गेल्या. किल्ली मागायला कुणी आलं नाही. त्यांना निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. आज जिना चढून वर गेलो, तर त्या बंद खोलीचं कुलूप तेलाने चमकत होतं.