कोळशाला पाणी

मानवतच्या कोर्टात सत्यशीला लोहटची वकिली बांधाच्या, वाटणीच्या आणि पोटगीच्या दाव्यांवर चालायची. तिचे वडील त्याच कोर्टात बेलीफ होते. बेलिफाची पोरगी काळा कोट घालून आत शिरली तेव्हा जुन्या वकिलांनी कौतुकही केलं आणि तिच्या वाट्याला कुणी घेत नसलेली कामंही ढकलली. तिनं ती निमूट केली. लग्न केलं नाही. आईची म्हातारपणाची दुखणी काढली, धाकट्या भावाला शिकवलं, आणि पंचेचाळिशी उलटली तेव्हा ‘लोहट वकीलबाई’ हे नाव तालुक्यातल्या गावागावांत ठाऊक झालं होतं.

एका बाजाराच्या दिवशी कानडगव्हाणची बायनाबाई तिच्या ऑफिसात आली. साठीची, काटक, विधवा बाई. तिनं फडक्यात बांधून आणलेला कापूस टेबलावर सोडला.

“हात लावून बघा, बाई.”

सत्यशीलानं मूठभर कापूस उचलला. बोटं काळी झाली.

“व्यापारी म्हनला, राखंत लोळवून आनलास का. मी काय सांगू त्याला? येचतानाच असा येतो. पानी पेलं तरी घशात कचकच लागती.”

कानडगव्हाणच्या शिवारात रुळालगत एका खाजगी कंपनीनं कोळशाचा डेपो टाकला होता. मालगाड्या तिथं रिकाम्या व्हायच्या आणि कोळसा ट्रकनं कंपनीच्या वीज कारखान्याला जायचा. ढिगारे उघडेच. वारा सुटला की काळी भुकटी पिकावर, पाण्यावर, वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसायची. बायनाबाईचं रान डेपोला अगदी लागून होतं. उन्हाळ्यात तिला धाप लागायची.

असला दावा सत्यशीलानं कधी चालवला नव्हता. तो पुण्याला, पर्यावरणाच्या लवादापुढं चालवावा लागणार होता. तिनं कायद्याची पुस्तकं मागवली, ओळखीच्या वकिलांना फोन केले. तालुक्याच्या वकिलानं या भानगडीत पडू नये, असंच बहुतेकांनी सांगितलं. ती पडली. गाव तिच्यामागं उभं राहिलं. सरपंच बन्सीधर सगळ्यांच्या पुढं होता. जीपनं माणसं आणून त्यानं वकीलपत्रावर सह्या घेतल्या. पहिली सही बायनाबाईची होती.

अर्ज लिहून झाल्यावर सत्यशीलानं तो देवळापुढच्या ओट्यावर वाचून दाखवला. डेपो इथून हलवावा, ही मुख्य मागणी होती. तिच्याखाली दुसरी होती: ते शक्य नसल्यास ढिगाऱ्यांभोवती भिंत बांधावी आणि धूळ उडू नये म्हणून कोळशावर सतत पाणी मारावं.

“ही दुसरी कशाला?” बायनाबाईनं विचारलं. “आपल्याला डेपो नको हाय ना?”

“मावशी, कोर्टाला नुसतं ‘हलवा’ म्हणलं तर कोर्ट एक तर हो म्हणतं, न्हाईतर न्हाई. न्हाई म्हणलं तर आपण रिकाम्या हातानं घरी. काहीतरी पदरात पडावं म्हणून दुसरी मागणी ठेवावी लागते.”

बायनाबाईला ते पटलं नव्हतं. पण वकीलबाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं तिनं मनाला समजावलं असणार.

दावा लांबला. दर तारखेला सत्यशीला रात्रीच्या गाडीनं पुण्याला जायची. कंपनीचे वकील म्हणायचे, ही धूळ कोळशाची नाहीच, ही काळ्या जमिनीची माती आहे. तपासणीचं पथक आलं ते नेमकं अवकाळी पावसानंतर, सगळं शिवार धुऊन निघालेलं असताना. तरी सत्यशीलानं सोडलं नाही. कापसाची बोंडं, विहिरीचं पाणी, बायनाबाईच्या छातीचे एक्स-रे, जे जमेल ते तिनं लवादापुढं ठेवलं. सुनावणीत बोलताना आपण मानवतच्या दोन खोल्यांच्या कोर्टातून आलो आहोत, हे समोरच्यांना आपल्या इंग्रजीवरून कळतंय, असं तिला सारखं वाटायचं.

निकाल तिच्या बाजूनं लागला. डेपो हलवायला लवादानं नकार दिला, पण दुसरी मागणी जशीच्या तशी मान्य केली. भिंत बांधा, बारमाही पाणी मारा, कसूर झाली तर दंड.

गावानं तिला हार घातला. बायकांनी ओवाळलं. बन्सीधरनं भाषण ठोकलं, “आपल्या लोहटताईनं कंपनीला पानी पाजलं!” लोक हसले, टाळ्या वाजल्या. सत्यशीलाही हसली. त्या दिवशी परतताना तिला वाटलं, आयुष्यात एक काम तरी झालं.

पुढच्या वर्षी पावसानं घात केला. जूनमध्ये एकदाच असा बदाबदा कोसळला की पेरलेलं वाहून गेलं, आणि मग दोन महिने ढगसुद्धा फिरकला नाही. म्हातारी माणसं म्हणायला लागली की आता पावसाचं काही सांगता येत नाही, पूर्वी असं नव्हतं. हिवाळा आला कधी आणि गेला कधी, कळलंच नाही. मार्च लागायच्या आत विहिरी तळाला गेल्या. गावच्या पाझर तलावात थोडं पाणी तेवढं उरलं होतं.

त्या तलावावर एके सकाळी टँकर लागले. गावाला वाटलं, सरकारनं पाठवले. टँकर भरले आणि डेपोकडं वळले.

बायका घागरी घेऊन बन्सीधरच्या दारात गेल्या. टँकर त्याच्याच मेहुण्याचे होते आणि तलावातून पाणी उचलायचा ठराव त्यानंच ग्रामपंचायतीत करून दिला होता. पण तो शांतपणे म्हणाला, “मी काय करू? कोर्टाचा हुकूम हाय. बारा म्हैने कोळशाला पानी मारा म्हनून. न्हाई मारलं तर कंपनीला दंड. आन् हुकूम कुनी आनला? वकीलबाईनं. जा, तिला इचारा.”

सत्यशीला दुसऱ्याच दिवशी गेली. आधी डेपोवर. भिंत अर्धीच बांधलेली होती, पण फवारे नवे कोरे होते, गरगर फिरत होते. तापलेल्या कोळशावर पाणी पडायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. कुंपणाबाहेर एक पोरगी लोखंडी पाइपच्या जोडाखाली तांब्या धरून बसली होती. ठिबकणारा एकेक थेंब गोळा करत होती.

गावात कुणी तिला बसा म्हणालं नाही. बायनाबाई दारातच उभी होती.

“या,” ती म्हणाली. “बघून आलाव? लय गार केलं तुमी कोळशाला.”

“मावशी, पाणी तलावाचं घेतील असं मला...”

“कुठलं घेतील वाटलं? आभाळातलं?”

पाणी मारा असं लिहिताना पाणी कुठून येईल, हा प्रश्न सत्यशीलाला पडलाच नव्हता. गावात पाणी असतंच, असं ती धरून चालली होती. लवादानंही तेच धरलं. सगळी शिकली-सवरलेली माणसं बसून बोलत होती, आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

हुकूम बदलून घ्यायला नवा अर्ज करावा लागणार होता. त्यावर सही करायला गावातून कुणी पुढं येईना. काहींची पोरं डेपोत कामाला लागली होती, काहींचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. शेवटी बायनाबाईच ऑफिसात आली.

“कुटं करायची सही?”

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “मावशी, तुमचे उपकार...”

“उपकार न्हाईत. तुमच्या भरवशावर करायले न्हाई मी. दुसरा वकील मिळना, म्हनून करायले.”

तारखेला कंपनीचे वकील हळुवार आवाजात बोलले. त्यांनी जुना अर्ज उघडून सत्यशीलाची दुसरी मागणी शब्दाला शब्द वाचून दाखवली आणि म्हणाले, “आमच्या विद्वान भगिनींनी जे मागितलं, तेच आम्ही इमानेइतबारे करतोय. आता त्यांनीच सांगावं, पाणी बंद करून गावावर धूळ उडवायची का?” कुणीतरी हलकंसं हसलं. सत्यशीलानं डेपो हलवायची गोष्ट काढली. तो मुद्दा आधीच निकाली निघालाय आणि त्यावर तुम्ही अपील केलेलं नाही, असं तिला ऐकावं लागलं. खरंच होतं ते. हार घालून घ्यायच्या नादात अपिलाची मुदत कधी सरली, ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

लवादानं हुकमात एक ओळ घातली: शक्य असेल तिथे सांडपाणी प्रक्रिया करून वापरावं. कंपनीनं कळवलं, जवळपास असं पाणी उपलब्ध नाही.

मे महिन्यात तलावाच्या तळाला भेगा पडल्या. उचलायलाच काही उरलं नाही, तेव्हा टँकर आपोआप थांबले, फवारे थांबले, आणि कोळसा पुन्हा उडायला लागला. गाव आठवड्यातून एकदा येणाऱ्या सरकारी टँकरवर जगत होतं. त्या पाण्यावर भुकटीचा तवंग यायचा. बायका तो फडक्यानं गाळायच्या आणि सत्यशीलाच्या नावानं बोटं मोडायच्या. बन्सीधरच्या नावानं कुणी मोडत नव्हतं. गावात टँकर कुणाच्या दारात आधी लावायचा, हे त्याच्या हातात होतं.

उशिरा का होईना, सत्यशीलानं अपील केलं. उशीर का झाला याची कारणं लिहिताना तिचा पेन अडखळला. खरं कारण कायद्यात बसणारं नव्हतं. मग आईचं आजारपण लिहिलं. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मधे ताडकळसकडची काही मंडळी आली. त्यांच्या बाजूलाही कंपनी डेपोसाठी जागा बघत होती. सत्यशीलानं त्यांना चहा पाजला आणि कानडगव्हाणात काय झालं ते काहीही न लपवता सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. नंतर कळलं, त्यांनी परभणीचा वकील केला.

दिवाळीच्या आसपास मानवतच्या एसटी स्टँडवर तिला बायनाबाई दिसली. बोचकं घेऊन बाकावर बसली होती. धाप लागलेली. पाथरीला लेकीकडं निघाली होती.

“किती दिवस राहणार?” सत्यशीलानं विचारलं.

“आता तिकडंच. दम घेववंना हितं.”

“आणि रान?”

“बटईनं दिलंय. बन्सीधरला.”

सत्यशीला शेजारी बसली. बायनाबाई सरकली नाही, पण तिनं बोचकं मांडीवर घेतलं.

“चालू हाय का कोर्ट?” मग तिनं विचारलं.

“चालूय. तारीख पडलीय.”

“कोन जायलंय तारखंला?”

“मीच.”

“बरं.”

पाथरीची गाडी लागली. सत्यशीलानं बोचकं उचलायला हात पुढं केला. बायनाबाईनं ते स्वतःच उचललं, दांड्याला धरून एकेक पायरी चढली आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली.