घाटावर सांगितलेला नियम

फिजिक्स शिकवणाऱ्याने दशक्रियेच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसू नये, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या नगर जिल्ह्यात दहाव्याला नदीच्या घाटावर मंडप, माईक आणि प्रवचनकार महाराज लागतातच. राहुरीजवळच्या गावात माझे मेहुणे अचानक हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या दहाव्याला मी सावेडीहून सकाळीच स्कूटरवर निघालो. घाटावर बायकांमध्ये माझी धाकटी बहीण, त्यांची बायको, बसली होती. मेहुणे गेल्यापासून ती कुणाशी धड बोललीच नव्हती.

महाराज रंगात आले. "ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही. हे मी नाही, फिजिक्स सांगतं! आत्मा म्हणजे तरी काय? ऊर्जाच. आपले सर इथंच बसलेत. सर, खरं का खोटं?" आणि माईक माझ्या तोंडापुढे आला.

असल्या बोलण्याची मला मनस्वी चीड आहे. वर्गात कुणी आत्म्याला क्वांटम चिकटवला की मी त्याची सालटी काढतो. ऊर्जा मोजता येते, तिला एकक असतं, आणि तिला कुणाची आठवण येत नाही. चितेची उष्णता हवेत पसरते, तिथं मेहुणे कुठे आले? पण हे त्या मंडपात कसं सांगणार? बहीण मान वर करून माझ्याकडेच बघत होती.

"ऊर्जा नष्ट होत नाही, हे बरोबर आहे," एवढंच मी म्हणालो. शब्द न् शब्द खरा, आणि सगळं मिळून चक्क खोटं. लोकांनी माना डोलावल्या. मला माझीच लाज वाटली.

दुपारी घरी भावकीतल्या बायका तिचं कुंकू पुसायला जमल्या. तिने दोन्ही हातांनी कपाळ झाकून घेतलं. "माझा दादा खोटं बोलत न्हाई. हे गेल्यालं न्हाईत. मी पुसनार न्हाई."

तिच्या सासूबाई माझ्याकडे आल्या. "सर, तुमी शिकलेले. खरं काय हाय ते सांगा की तिला."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं. माझं उत्तर तयार होतं. म्हटलं, "कुंकू राहू दे. मेहुणे असोत-नसोत, कपाळ तुझं आहे. त्याला फिजिक्स कशाला हवं?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "तसं न्हाई दादा. ते हायेत म्हनून लावते. नसतील तर मीच पुसते, या बायका कशाला पायजेत? तू फक्त सांग. हायेत ना?"

बाहेर सगळ्या कान देऊन उभ्या होत्या.

"आहेत," मी म्हणालो.

ती अजून कुंकू लावते. दर रविवारी फोन करून ते आता कुठे असतील ते विचारते, आणि मी काहीबाही सांगतो. आधी जीभ अडखळायची. आता तेवढीही अडखळत नाही, याचीच भीती वाटते.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी बाईचा फोन आला. तिचा नवरा महिन्यापूर्वी वारला होता. नंबर माझ्या बहिणीने दिलेला.

"सर, तुमाला यातलं समदं ठावं हाय म्हनं. आमचं मालक हायेत ना?"

मी विचारलं, "तुम्ही कुंकू लावता का?"

"लावते की. तुमी सांगस्तोवर."