तिसरीच्या टाळीबाई

टाळीबाई पाढे डोळ्यांनी ऐकत. वर्गाचा एकसूर लागला की हेडमास्तर पाहुण्यांकडे कृतार्थ नजरेनं बघत. बाई मात्र रांगेतून फिरत एकेका तोंडाकडे बघत. म्हणत, "कोरसमध्ये सगळेच हुशार."

नव्वदीच्या दशकात सुरतला, गोडादऱ्यात, आमची मराठी शाळा यंत्रमागांच्या शेडला चिकटून होती. खिडकी उघडली की खडखडाट, मिटली की घुसमट. त्या खोलीत मी दुसऱ्यांदा तिसरीत बसले होते. बत्तीस, बेचाळीस, बावन्न मला एकाच आईची पोरं वाटत. एकाला हाक मारावी तर दुसराच हजर. माझे वडील मागावर कामाला होते. त्यांनी बजावलं होतं, "यंदा नापास व्हयनी ते घर बसाडसू. साड्यास्ले टिकल्या लावाले." म्हणून कोरसमध्ये मी नुसते ओठ हलवायची.

बाईंनी पकडलंच. "ओठ तुझे, आवाज शेजारणीचा! उद्यापासून मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसायचं."

पण त्यांनी पाढ्यांचं नाव काढलं नाही. शब्दांचे तुकडे पाडत टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाल्या, "'पातेलं'मधून 'पा' काढ. काय उरलं?"

"तेलं."

"झाली की वजाबाकी!"

नंतर बत्तीस आणि बेचाळीस शेजारी बसवले. कुठे सारखे, कुठे वेगळे? "आवाज वेगळे ऐकू आले नाहीत, तर आकडे डोक्यात वेगळे राहतील कसे?"

हेडमास्तर दारातून म्हणाले, "बाई, हा गणिताचा तास की भजनाचा?"

"भजन पाहुणे आले की असतं, सर."

असं बोलणाऱ्या माणसाची नोकरी कायम होत नसते.

तोंडी परीक्षेला हेडमास्तर स्वतः बसले. "सातचा पाढा. थांबायचं नाही." मी निघाले आणि मधेच अडले. त्यांनी पेन उचललं.

"सर, तिला पाढा येतो, पळता येत नाही," बाई म्हणाल्या. "मधलंच विचारून बघा."

"सात आठे?"

मी ओठांशी आवाज जुळवून पाहिले. ते बराच वेळ वाट बघत राहिले, नाइलाजानं. मग मी म्हटलं, "छप्पन्न."

"सात सक?"

"बे... बेचाळीस."

आणखी दोन-तीन विचारून त्यांनी मला पास केलं, शाळेची इमारत दान द्यावी अशा चेहऱ्यानं.

निकालाच्या दिवशी वडील पाळी सोडून आले. बाईंपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, हिले चौथीमा बी तुम्हीच शिकाडा."

"भाऊ," बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, मला तिसरीतून वर कुणी घालतच नाही."

वडील मोकळेपणानं हसले. मीही हसले. बाई फळा पुसत होत्या.