शाल मिळते, फ्लॅट मिळत नाही

फौजेतून रिटायर झालेल्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात, शाली आणि किस्से. शाली तरी बायको बोहारणीला देऊन भांडी घेते. किस्से कोणी घेत नाही. म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिघं पंचवटीतल्या टपरीवर चहा घेत ते एकमेकांनाच ऐकवतो. मी, पेठकडचा दगडू आणि विंचूरचा संपत. तिघंही एकाच युनिटमधले.

*

मी एका सोसायटीत वॉचमन आहे. एका सव्वीस जानेवारीला चेअरमनना कळलं की वॉचमन फौजी आहे. लगेच ‘आमचं भाग्य’ वगैरे झालं. माझ्याच हस्ते झेंडा फडकवला, टाळ्या पडल्या, सगळ्यांनी सेल्फी काढले. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. चेअरमन माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “गेटवर कोणी दिसत नाही.”

*

दगडूला एका शाळेनं बोलावलं. मी सोबत होतो. बाईंनी मुलांसमोर विचारलं, “काका, तुम्ही किती शत्रू मारले?”

दगडू युनिटच्या लंगरमध्ये, म्हणजे भटारखान्यात, स्वयंपाकी होता. “एकबी नाय,” तो म्हणाला. “पण बर्फात समद्यांना येळेवर गरम जेवण दिलं.”

हेडमास्तर हळूच मला म्हणाले, “तुमच्यात दुसरं कोणी नाही का?”

त्या बर्फात दगडूची चपाती यायची तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. हे मी तिथं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याची अजून लाज वाटते.

*

एका पुढाऱ्याच्या कार्यक्रमात संपतला शाल घातली. फोटो झाला. मग कार्यकर्त्यानं शाल काढून नीट घडी घातली. “दादा, पुढच्या चौकात अजून दोन फौजी आहेत.”

संपतनं मुकाट्यानं नारळही पुढे केला. कार्यकर्ता मोठ्या मनानं म्हणाला, “नारळ ठेवा.”

*

याच संपतच्या मुलीला नाशिकला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. विंचूरहून रोज ये-जा करून पोरगी अर्धी होईल, म्हणून तो भाड्यानं घर शोधायला लागला.

गंगापूर रोडच्या एका काकांनी फौजी म्हटल्यावर उठून सॅल्यूट ठोकला. काकूंनी चहा केला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला, पोरीचं टेबल कुठं ठेवायचं तेही ठरलं. मग काकांनी आडनाव विचारलं. संपत बौद्ध आहे. त्यानं आडनाव सांगितलं.

काका म्हणाले, “अरे, एकाला आधीच शब्द दिलाय. विसरलोच होतो.”

असे लागोपाठ सात घरमालक विसरले! माझं डोकं फिरलं. म्हटलं, “आडनाव सांगतोस कशाला? नुसतं सुभेदार सांग.”

संपत म्हणाला, “इतकी वर्षं त्याच नावाची पट्टी छातीवर लावली. आता पोरीसाठी काढून ठिवू?”

*

कॉलेज सुरू झालं. पोरगी पहाटेची एसटी धरायला लागली. आणि पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुणे म्हणून या, असा संपतला गंगापूर रोडच्या त्याच काकांचा फोन आला. सोसायटीचे सेक्रेटरी तेच. मी म्हटलं, “जाऊ नकोस.” तो म्हणाला, “फ्लॅटचा भाड्याचा बोर्ड अजून लटकलेला हाय. जातो.” मग मी आणि दगडूही गेलो.

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, शाल झाली. काका माइकवर म्हणाले, “अशा वीरांसाठी आमच्या सोसायटीचे दरवाजे सदैव उघडे आहेत.” टाळ्या पडल्या. मग त्यांनी संपतला दोन शब्द बोलायला सांगितलं.

संपतनं साहेबापुढं रिपोर्ट देतात तसा नंबर सांगितला, रँक सांगितली, आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाला, “काका, तिसऱ्या मजल्यावरचं घर अजून रिकामं दिसतंय. शब्द दिलेला माणूस आला नाय वाटतं. माझ्या पोरीला आजपासून चालंल.”

काकू बिल्डिंगकडे बघत राहिल्या. संपत थांबला होता, उत्तराची वाट बघत.

काकांनी माइक ओढून घेतला. “सर्वांनी उभं राहायचं. राष्ट्रगीत!”

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “ते मघाशीच झालं की.”

पण बायकांनी सुरुवात केली होती. संपतनं बोलायला उघडलेलं तोंड मिटलं, टाचा जुळवल्या आणि तो सावधान उभा राहिला.