आणलेल्या कळा

पुलगावात आमच्या घराच्या खिडक्यांना काच टिकत नाही. लष्करी डेपोवाले जुना दारूगोळा मोकळ्या मैदानात उडवतात, तेव्हा आधी पायाखालची फरशी हलते, मग आवाज येतो आणि मग मांडणीवरची भांडी एकमेकांवर आपटतात. त्यासाठी आमच्याकडे कोणी चहाचा कप खाली ठेवत नाही. बोलणारा माणूस थांबतो, आवाज जाऊ देतो आणि तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करतो.

पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले, तेव्हा पोटातल्या बाळाला मात्र या आवाजाची सवय नव्हती. सासरी कारंजाला त्याने फक्त हायवेवरचे ट्रक ऐकले होते. इथे पहिला स्फोट झाला आणि त्याने आतून अशी लाथ मारली की माझ्या हातातलं वरणाचं भांडं सांडलं. मग ते नेहमीचंच झालं. बाहेर धमाका, आत लाथ. बरगडीखाली मुका मार लागल्यासारखं दुखायचं, पण मला ते आवडायचं. मी कमी बोलते. माझ्या वतीने कोणीतरी चिडतंय असं वाटायचं.

वैशाखात, डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून गेल्यावर, एका सकाळी मैदानात लागोपाठ स्फोट झाले. खिडकीची चौकट थरथरली, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मी पोटावर हात ठेवून थांबले. आतून काहीच आलं नाही.

मी पाणी प्यायले. गुळाचा खडा खाल्ला. डाव्या कुशीवर पडून राहिले. पुन्हा जमीन हलली, आणि पोट ओल्या पोत्यासारखं निपचित पडून राहिलं. मी स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती आणि मावशी तिच्याजवळ लसूण सोलत बसली होती. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, माझ्या बाळंतपणासाठी हिंगणीहून मुद्दाम आलेली.

"आई, बाळ हलत नाहीये."

"झोपलं असंन, बाई," मावशी म्हणाली. "शेवटी शेवटी लेकरं चूपच राह्यतात. जागा कुठं असते त्याले?"

आईने परातीतला हात बाजूला काढला. पीठ लागलेल्या हातानेच तिने माझं पोट दाबून पाहिलं, एकदा, दोनदा. मग तव्याखालचा गॅस बंद केला. भाकरी अर्धी कच्ची तशीच राहिली.

अडचण बाबांची होती. बाबा मुहूर्त, अमावास्या, नजर, यातलं काहीच मानत नाहीत. माझ्या लग्नात कोणीतरी वेळेवरून कुजबुजलं, तर त्यांनी भर मांडवात त्याला झापलं होतं. पण यंदा बुद्धपौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. तारीख उलटली तसे आम्ही काळजीत पडलो आणि बाबा खुशीत आले. आमचं नातवंड पौर्णिमेलाच येणार, असं त्यांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी असतं तर बाबा त्याला मुहूर्तच म्हणाले असते. आमच्या घरात तो शब्द कोणी काढत नव्हतं.

शेजाऱ्यांची गाडी मागून आम्ही वर्ध्याला निघालो. गाडीच्या सीटने मांडी पोळत होती. बाबा समोर बसून सांगत होते, "नुसतं चेक करू. पोरगी घाबरली हाय." मागे मावशी माझ्या कानाशी सांगत होती, "सलाईनच्या कळा लावून नको घेजो हो. आपल्या कळा माय लावते, त्या कळा दुश्मन लावते. माझ्या जावेले लावल्या होत्या. पलंगाचा गज वाकोला तिनं. लोखंडाचा."

आई म्हणाली, "तुया जावेनं घरातल्या सगळ्याईलेच वाकोलं. तिचं काय सांगते?"

दवाखान्यात माझ्या पोटाला पट्टे बांधले आणि भिंतीलगतच्या मशीनमधून ठोके ऐकू यायला लागले. धपधप, धपधप. आई तिथेच रडली. डॉक्टर बाई मधल्या वयाच्या होत्या, आवाज दमलेला. त्यांनी सोनोग्राफी केली आणि सरळ सांगितलं, "ठोके आहेत. पण पाणी फार कमी झालंय आणि बाळ सुस्त पडलंय. आता वाट बघण्यात फायदा नाही, धोका आहे. आज गोळी ठेवू, कळा सुरू करू."

"तीन दिवस थांबू," बाबा म्हणाले.

"कशासाठी?"

बाबांना कशासाठी ते सांगता येईना. सांगता येत नसलं की ते आवाज चढवतात. "ठोके हायेत म्हंता ना? मंग घाई कायची? आधी कळा आणता, मंग फाडता. मले माहीत नाई का तुमचे धंदे?" त्यांनी टेबलावर तळहात आपटला. पेनांचा डबा उडून खाली पडला.

तेवढ्यात आईच्या फोनवरून निघालेला माझा नवरा कारंजाहून मोटारसायकलवर पोचला. उन्हाने तोंड लाल, डोक्याला रुमाल तसाच बांधलेला. तो मध्ये पडला. "बाबा, डॉक्टर सांगून राह्यल्या ना."

"तू चूप. पोरगी माझी हाय."

"लेकरू माझं हाय."

बाबांनी त्याला ढकललं. तो मागच्या लोखंडी कपाटावर आदळला, कपाट वाजलं. सावरून त्याने बाबांचं मनगट धरलं. आमच्यात जावयाचे पाय धुतात, आणि तो जावई सासऱ्याचा हात पिरगाळत होता. बाबांच्या शर्टाची वरची गुंडी तुटली. आई दोघांच्या मध्ये शिरली आणि तिच्या कानशिलावर कोणाचं तरी कोपर बसलं. दारातून दवाखान्याचा गार्ड काठी घेऊन आला. या सगळ्यात मी डॉक्टर बाईंकडे बघत होते. त्यांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवला. नातेवाइकांचा आवाज वाढला की कोणी तो धरून गळा आवळू नये, म्हणून त्या असं करत असाव्यात. त्यांचा हात सराईत होता. हे त्यांच्यासोबत आधी झालेलं असणार.

मशीन चालूच होतं. धपधप. मला एकदम वाटलं, हा आवाज आता थांबला तर या खोलीत कोणालाही कळणार नाही.

"डू इट टुडे," मी म्हणाले. मग मोठ्याने, "प्लीज. डू इट टुडे. इट इज माय बेबी अँड आय वाँट इट आउट."

मी फार रागावले की माझं मराठी आटतं. शाळेने लावलेली सवय. बाबांनी डेपोतल्या पगारात मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं ते त्यांना साहेबांपुढे जसं गप्प उभं राहावं लागतं तसं मला लागू नये म्हणून. आता ते माझ्याकडे बघत राहिले, साहेबाकडे बघावं तसे. नवऱ्याने त्यांचं मनगट सोडलं. गार्डने पेनं गोळा करून टेबलावर ठेवली.

संध्याकाळी गोळी ठेवली. रात्रभर ओटीपोटात कोणीतरी मुठी आवळत होतं, एवढंच. सकाळी डॉक्टर बाईंनी पाणी फोडलं. आलं थोडंसंच, आणि हिरवट, बाळाने आतच शी केली की येतं तसं. त्यांनी लगेच हाताला सलाईन लावायला सांगितलं. त्या औषधाचे थेंब मोजून सोडतात आणि कळा जोर धरेपर्यंत हळूहळू वाढवतात. आईला रक्त बघवत नाही, म्हणून माझ्याजवळ मावशी राहिली.

लेबर रूममध्ये शेजारच्या पलंगावर एक बाई होती. ती ओरडली की पडदा हलायचा. तिने नवऱ्याला, सासूला, दिराला, सगळ्यांना आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. मी पडद्याच्या या बाजूला ओठ चावून पडले होते. मावशीचं म्हणणं खरं होतं. कळ येत नव्हती, चालून येत होती. कमरेतून सुरू व्हायची, दोन्ही बाजूंनी पकडायची आणि कापड पिळावं तशी मला मधोमध पिळायची. एक सोडते न सोडते तोच दुसरी. मी गजाला धरलं आणि मनात इंग्रजी कविता म्हणायला लागले, शाळेत उन्हात उभं केल्यावर म्हणायचे तशी.

तिथली सिस्टर दणकट होती, पन्नाशीकडे झुकलेली, केसांना मेंदी. ती यायची आणि विचारायची, "कसं हाय? दुखून राह्यलं का?"

"थोडं," मी म्हणायचे.

"थोड्यानं काय होते?" ती थेंब वाढवून शेजारणीकडे जायची. त्या खोलीत दुखणं आवाजावरून मोजत होते. शेजारीण ओरडून आख्खी सिस्टर स्वतःकडे ओढून घेत होती, आणि मी विचारल्यावर 'ठीक आहे, थँक्यू' म्हणत होते.

मग मशीनचा आवाज बदलला. धपधप होती ती धप झाली. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप.

सिस्टर पडदा फाडल्यासारखा बाजूला करून आली. तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. "अवं माय, हे तं दगड झालं! सुटूनच नाई राह्यलं." तिने सलाईन बंद केलं, मला खांद्याला धरून डाव्या कुशीवर लोटलं, तोंडावर ऑक्सिजन लावला आणि दाराकडे तोंड करून "मॅडम!" अशी हाक मारली. मावशीने मला मागून धरून ठेवलं. मी मशीन ऐकत होते. पोट हळूहळू सैल पडलं. धप. धप. धपधप. धपधप.

डॉक्टर बाई येऊन उभ्या राहिल्या, ऐकलं, तपासलं. "परत आलं बाळ," त्या म्हणाल्या. "पिशवीचं तोंडही बरंच उघडलंय. थोडा वेळ सोडू, मग कमी थेंबांवर पुन्हा सुरू करू. पण हिच्याकडे लक्ष द्या, ही सांगत नाही."

त्या गेल्यावर सिस्टर माझ्या तोंडाशी वाकली. "काऊन नाई बोलली तू? कोणाची लाज वाटते? माझी? इथं चूप बसणारीले बक्षीस नाई भेटत. चार कळा एकावर एक चढल्या तं लेकराले श्वास कुठून भेटन? आता मी हे पुन्हा सुरू करतो, पण कळ आली की मले सांगायचं. नाई, सांगायचं नाई. बोंबलायचं. नाई बोंबलली तं थेंब नाई सोडत."

थेंब सुटले. कळ आली. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

"मोठ्यानं," सिस्टर म्हणाली.

"दुखतंय."

"हे काय दुखनं हाय? भाजीवाल्याले भाव इचारून राह्यली का?"

पुढच्या कळेला माझ्यातून जे बाहेर आलं ते मी ओळखलं नाही. गुरं कापायला नेताना ओरडतात तसं. पडद्यापलीकडची बाई दचकून गप्प झाली. "मले नाई होत!" मी ओरडत होते, "सोडा मले, मरतो मी, सोडा!" सिस्टरने पोटावर हात ठेवून कळ मोजली, थेंब बघितले आणि मान हलवली. "हं. आता कळलं मले तुझं."

त्यानंतर मी थांबले नाही. मावशीने घाम पुसायला हात पुढे केला, तर मी तिच्या मनगटाला चावले. ती किंचाळली, पण हात काढून घेतला नाही. सिस्टर पायाशी आली, माझे गुडघे दाबून धरले आणि जोर लावायला सांगायला लागली. मी तिच्या थोबाडीत मारली. खरोखर, हात मागे नेऊन. तिची टोपी तिरपी झाली.

आमच्या भागात अशा वेळी बायकांच्या मांड्यांवर चापट बसते, हे मी ऐकून होते. मी डोळे मिटून वाट बघितली.

"मार," सिस्टर म्हणाली, "अजून मार. पण जोर खालतं लाव. हाताचा जोर वाया चालला."

मी खाली जोर लावला. काहीतरी फाटलं, ते मला ऐकूही आलं. जाळ लागल्यासारखं झालं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "थांब, थांब, नाळ आहे गळ्याला," आणि मी थांबले, कशी ते मला माहीत नाही. मग सगळं एकदम मोकळं झालं आणि माझ्या दोन्ही पायांमधून निळसर, चिकट, हिरव्या मळाने माखलेलं काहीतरी त्यांच्या हातांत घसरलं.

ते रडलं नाही.

त्यांनी बाळाला उलटं धरलं नाही, जसं लोक सांगतात तसं. टेबलावर नेलं, नळीने तोंड साफ केलं, पाठ चोळली. सिस्टरने तळव्यांवर टिचक्या मारल्या, जोरात, एक, दोन. मी कोपरांवर उठून ओरडले, "मारा ना अजून! मारा तिले!" मुलगी आहे हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग ती रडली. रडली म्हणजे भांडली. त्या खोलीतल्या सगळ्यांवर एकदम तुटून पडली.

बाबा आत आले तेव्हा मला टाके घालून झाले होते. शर्टाला वरची गुंडी नव्हती, नवरा त्यांच्या मागे उभा होता. त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग डॉक्टर बाईंना हळूच विचारलं, "मॅडम, तीन दिवस थांबलो असतो तं?"

त्या हात धूत होत्या. "नाही थांबलो ना, काका," त्या म्हणाल्या. पाण्याचा नळ बंद करायला त्यांनी बराच वेळ लावला.

पौर्णिमेच्या दिवशी विहारातल्या बायका खीर घेऊन दवाखान्यात आल्या. बाबा त्यांना बाळ दाखवत होते आणि ते पौर्णिमेआधीच आल्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. त्या बायकांत आमच्या गल्लीतली एक सून होती, तिला आठवा महिना. सगळ्या बाळाभोवती गोळा झाल्यावर ती माझ्याजवळ सरकली. "तुमाले सलाईनच्या कळा लावल्या म्हंते. लय दुखते का?"

माझ्याआधी मावशीनेच मनगट पुढे केलं. जांभळे दात उमटले होते. "पाह्य. कुत्र्यानं धरलं वाटते ना? इंग्लिश मीडियमनं धरलं."

बायका हसल्या. ती मुलगी हसली नाही. तिला खरं हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "खूप दुखतं. मला वाटलं मी मरते. पण कळा येणार हे मला माहीत होतं, माझ्या हो म्हणण्याने येणार हे माहीत होतं, आणि आल्या तेव्हा डॉक्टर खोलीबाहेरच, हाकेच्या अंतरावर होत्या. घरी वाट बघत बसले असते तर मी शांत असते. ही पोर जगली नसती. डॉक्टरांनी 'उद्या ये' सांगितलं, तर उद्याच जा. आणि ओरड. त्यांना ओरडल्याशिवाय कळत नाही."

एवढं मी त्या मुलीशी आधी कधी बोलले नव्हते. कोणाशीच बोलले नव्हते. तोवर बाळ जागं झालं आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं किंचाळायला लागलं. आईने पडदा ओढायला हात लांबवला. मी तिला नको म्हटलं, सगळ्यांच्या समोर गाऊनची बटणं काढली आणि बाळाला छातीशी घेतलं. तिने हिरड्यांनी असं धरलं की माझ्या तोंडून मोठ्याने शिवी गेली.